सत्पात्री दानाचा हिशेब

दारिद्र्यनिवारण हे सरकारचे कामच नव्हे. ते धर्माचे आणि शेजारधर्माचे काम होय. सरकारने त्यात हात घातला की देणाऱ्याची दया आटते आणि घेणाऱ्याचा कणा वाकतो. अशा आशयाचे एक मत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली तीस-पस्तीस वर्षे मोठ्या डौलाने मिरवत आहे. १९९२ मध्ये मार्व्हिन ओलास्की यांनी ‘द ट्रॅजेडी ऑफ अमेरिकन कंपॅशन’ या ग्रंथात ते मांडले. १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांनी तो ग्रंथ आपल्या पक्षाच्या नवनिर्वाचित सभासदांना वाटला आणि पुढच्याच वर्षी त्या विचाराची छाप असलेला कायदा झाला. एकोणिसाव्या शतकातील चर्चची माणसे गरिबाला नावाने ओळखीत, त्याची वागणूक पाहत, खरा गरजू कोण आणि आळशी कोण याची निवड करीत. सरकार मात्र आंधळेपणाने वाटते, असा त्या ग्रंथाचा सूर आहे. हा सूर आमच्या सुशिक्षित घरांतील बैठकींतही अपरिचित नाही. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

आपल्या भाषेत ‘सत्पात्री दान’ असा एक शब्द आहे. त्यातील ‘दान’ या पदाकडे सर्वांचे लक्ष जाते. सत्पात्र कोणी ठरवावयाचे, इकडे कोणाचेच जात नाही. वस्तुतः सारी सत्ता त्या पहिल्या पदात साठलेली आहे. देणाऱ्याच्या हातून पैसा सुटतो, पण ‘तू योग्य, तू अयोग्य’ हे म्हणण्याचा अधिकार सुटत नाही. ज्या देशात मनुष्याची योग्यता त्याच्या कातडीवरून आधीच ठरून गेलेली असते, तेथे अशा निवडीचे काय होते हे कोणाच्या प्रवचनावरून कळणार नाही, दप्तरावरून कळेल. आणि दप्तर उलगडण्याचे काम इतिहासकाराचे आहे.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ संयुक्त संस्थानांतील सज्जनांना, त्यांनी कृष्णवर्णी गुलामांना दास्यातून सोडविले म्हणून, अर्पण केला हे वाचकांस ठाऊकच आहे. त्या अर्पणपत्रिकेला चार वर्षे होतात न होतात तोच, १८७७ मध्ये, मुक्त झालेल्यांच्या रक्षणासाठी दक्षिणेत ठेवलेले मध्यवर्ती सरकारचे सैन्य मागे घेण्यात आले. बेडी तुटली होती, परंतु जमीन मिळाली नव्हती. तेव्हा ज्यांच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबावयाचे त्यांच्याच मळ्यांत आता अर्धेलीने कापूस पिकवावयाचा, बियाणे आणि पीठमीठ त्यांच्याच दुकानातून उधार घ्यावयाचे, आणि वर्षअखेरीस वहीत काय निघेल ते मुकाट्याने मान्य करावयाचे, अशी स्थिती पुढे दोन-तीन पिढ्या टिकली. या स्थितीचे अगदी ठळक रूप मिसिसिपी नदीच्या डेल्टात दिसते. हा डेल्टा नदीच्या मुखाशी नाही. मेम्फिस शहराच्या खाली नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला तो काळ्या मातीचा सपाट मुलूख आहे. आपल्या वऱ्हाडाची आठवण व्हावी असा, कापसाशिवाय दुसरे काही न बोलणारा!

याच मुलखाचा आणि मेम्फिसचा १९२९ च्या मंदीतील इतिहास अ‍ॅलिसन कॉलिस ग्रीन या विदुषींनी २०१६ मध्ये ‘नो डिप्रेशन इन हेवन’ या ग्रंथात दिला आहे. मंदी आली तेव्हा चर्चनी काय केले, काय केले नाही, आणि पुढे आपण काय केले असे त्यांना आठवू लागले, हा त्यांचा विषय. या तीन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ओलास्की-पंथाचा सारा डोलारा या तिसरीवर उभा आहे.

मंदीपूर्वी दक्षिणेत गरिबाला आधार म्हणजे बव्हंशी चर्च, खाजगी धर्मादाय संस्था आणि आप्त एवढाच होता. म्हणजे ओलास्की यांना अभिप्रेत असलेले सुवर्णयुग तेथे शब्दशः नांदत होते. त्या सुवर्णयुगाचे रूप असे, की गोऱ्यांची अनाथालये गोऱ्यांसाठी, गोऱ्यांचे अन्नछत्र गोऱ्यांसाठी. कृष्णवर्णी लोकांचे ओझे त्यांच्याच चर्चनी, त्यांच्याच भगिनीमंडळांनी आणि परस्परसाह्याच्या संघांनी उचलावयाचे. दिवसभर दुसऱ्याच्या घरी धुणे धुऊन आलेल्या बाईने रविवारी थाळीत टाकलेल्या नाण्यावर शेजारणीची प्रेतयात्रा निघावी, असा तो धर्मादाय. त्याला आम्ही मनःपूर्वक वंदन करतो. परंतु ज्यांच्यापाशी काहीच नाही त्यांनी एकमेकांस सांभाळावे आणि ज्यांच्यापाशी सर्व आहे त्यांनी त्यालाच समाजव्यवस्थेचा आदर्श म्हणून गौरवावे, यात औदार्य कोणाचे आणि सोय कोणाची?

मंदीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ही व्यवस्था कोसळली. पेढ्या बुडाल्या, १९२० च्या दशकातील भरभराटीत कर्ज काढून बांधलेल्या प्रार्थनामंदिरांचे हप्ते थकले, पाद्र्यांचे पगार तुंबले. दान मागणाऱ्यांच्या रांगेत काल दान देणारे उभे राहिले. तेव्हा याच धर्मगुरूंनी, गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनीही, हे आमच्या आवाक्याबाहेर आहे, सरकारने यावे, असे उघड म्हटले हे ग्रीनबाईंनी पुराव्यानिशी दाखविले आहे. सरकारने चर्चच्या हातून गरिबाला हिसकावून नेले ही पुढे रचलेली कथा. चर्चनीच तो सरकारच्या हाती दिला हा त्या वेळचा लेख. १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक लक्षाहून अधिक धर्मगुरूंना पत्रे धाडून लोकस्थितीविषयी त्यांचे मत विचारले. आलेल्या हजारो उत्तरांत सामाजिक सुरक्षेच्या नव्या कायद्याचे स्वागत करणारी उत्तरे पुष्कळ होती.

मग फिरले कोठे? १९३३ च्या मे महिन्यात मध्यवर्ती सरकारचे साह्यखाते निघाले आणि त्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांनी लागलीच नियम केला की, सरकारी पैसा सरकारी यंत्रणेकडूनच वाटला जाईल, खाजगी धर्मादाय संस्थांच्या हातून नाही. वाटणाऱ्याचा हात बदलला. पैसा अजून पुष्कळसा स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्याच हातून जात होता आणि कृष्णवर्णी माणसाला कमीच मिळत होते. तथापि मळेवाल्याच्या चिठ्ठीवाचून चार दिवस जगता येते, हे अर्धेलीदाराला समजले. १९३४ च्या जुलैमध्ये आर्कन्सातील टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णी अशा अठरा माणसांनी एकत्र बसून अर्धेलीदारांचा संघ काढला. त्यात खेड्यांतले पाद्री बरेच होते आणि सभेचा आरंभ प्रार्थनेने होत असे. कापसाचे पीक कमी करावे म्हणून सरकार मळेवाल्यांना जो मोबदला देत होते त्यातील कुळांचा वाटा कुळांना मिळावा, आणि तो बुडविण्यासाठी त्यांना हुसकून लावू नये, ही त्यांची तक्रार. तिला उत्तर मिळाले ते चाबकाचे आणि बंदुकीचे! सरकारी साह्याने आत्मिक अधःपात होतो ही जाणीव दक्षिणेतील प्रतिष्ठित गोऱ्या चर्चना नेमकी याच सुमारास होऊ लागली. पुढल्या पिढीला सांगण्यात आले की, आम्ही मंदी तरून गेलो ती श्रद्धेच्या, कुटुंबाच्या आणि कष्टाच्या बळावर. सरकारी मदतीचा उल्लेख त्या आठवणींतून गळाला तो गळालाच.

येथे कोणी म्हणेल की, दोष चर्चचा असेल, मग सरकारने तरी काय दिवे लावले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सरकारच्या भक्तांनाही रुचणार नाही. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही झाली. त्या कायद्याने दोन दारे उघडली. एक हक्काचे: कामगाराच्या वेतनातून वर्गणी जावयाची आणि म्हातारपणी पेन्शन मिळावयाचे, कोणाच्या पाया पडावयास नको. दुसरे मेहरबानीचे: निराधार मुलांच्या आयांना राज्यसरकारांनी, आपापल्या अटींवर, द्यावयाचे साह्य. पहिल्या दारातून शेतमजूर आणि घरकाम करणारे लोक वगळण्यात आले. त्या काळच्या कृष्णवर्णी कष्टकऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश याच दोन धंद्यांत होते. ही वगळणूक दक्षिणेच्या सिनेटरांनी वर्णद्वेषाने करविली असे पुष्कळ विद्वान मानतात. लॅरी डेविट या इतिहासकाराने २०१० मध्ये याला हरकत घेतली. वगळलेल्यांत बहुसंख्य गोरेच होते आणि वर्गणी वसूल करण्याची अडचण हे खरे कारण होते, असे त्याचे म्हणणे. हरकत वजनदार आहे. हेतूविषयीचा वाद इतिहासकारांनी खुशाल चालवावा. आमचे म्हणणे हेतूवर अवलंबून नाही. पहिल्या दाराबाहेर राहिलेल्या कृष्णवर्णी घराला दुसऱ्या दाराशीच जावे लागले, आणि त्या दारावर पहारेकरी कोण होता ते पाहावे.

या दुसऱ्या दाराची वंशावळ थेट धर्मादायाची. १९३५ च्या आधी बहुतेक राज्यांत ‘मातांचे पेन्शन’ नावाची योजना होती आणि तिच्यात ‘योग्य’ मातेची निवड होत असे. १९३१ च्या पाहणीत ज्या लाभार्थी कुटुंबांच्या वर्णाची नोंद मिळाली, त्यांपैकी ९६ टक्के गोरी आणि ३ टक्के कृष्णवर्णी निघाली. निवडीची तीच पद्धत नव्या कायद्यात उतरली. लुइझियाना राज्याने १९४३ मध्ये नियम केला की, शेतात मजुरीचे काम असेल तोवर कामास योग्य अशा आईला साह्य मिळू नये. म्हणजे कापूस वेचणीला हात कमी पडू नयेत याची काळजी दारिद्र्यनिवारणाच्या खात्याने घ्यावयाची! याच राज्याने १९६० मध्ये ‘सुयोग्य घर’ या गोंडस नावाखाली, साह्य चालू असता जिला विवाहबाह्य मूल झाले तिचे घर यादीतून उडविले आणि सुमारे २३,००० मुलांचे अन्न एका फटक्यात तोडले. ती मुले जवळजवळ सर्व कृष्णवर्णी होती. अलाबामात तर आईकडे कोणी पुरुष येतो अशी वार्ता लागली की त्याला मुलांचा बाप ठरवून साह्य बंद करीत. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम १९६८ मध्ये रद्द केला. साह्य तोडण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, हा साधा न्याय पदरात पडावयास १९७० साल उजाडले.

गरिबाला नावाने ओळखावे, त्याची वागणूक पाहावी, सत्पात्र निवडावे, हा जो ओलास्कींचा उपदेश, तोच येथे शब्दशः अमलात आला आहे. फरक एवढाच की, निवडणाऱ्याच्या गळ्यात क्रूस नव्हता, खिशात सरकारी शिक्का होता. म्हणून सरकार की चर्च हा वादच मुळी आम्हांस चुकीच्या जागी मांडलेला दिसतो. वाद आहे तो हक्क की मेहरबानी, असा.

याचा सर्वांत बोलका पुरावा मिसिसिपीतच सापडतो, आणि तेथे धर्म दुसऱ्या बाजूला उभा दिसतो. ८ जानेवारी १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि ऑगस्टात त्याचा कायदा झाला. त्यात एक कलम असे होते की, योजना चालविण्यात गरिबांचा स्वतःचा जास्तीत जास्त सहभाग असावा. कलम लिहिणाऱ्यांना त्याचा अर्थ पुरता उमगला होता की नाही याची शंका आहे; मिसिसिपीतल्या बायांना मात्र तो चटकन उमगला. १९६५ च्या उन्हाळ्यात लहान मुलांच्या ‘हेड स्टार्ट’ शाळा निघावयाच्या होत्या. राज्याच्या गव्हर्नराला असे अनुदान अडविण्याचा अधिकार होता. परंतु उच्च शिक्षणाच्या संस्थेला दिलेले अनुदान त्याला अडविता येत नसे. ही फट हेरून, प्रेस्बिटेरियन पंथाच्या मेरी होम्स नावाच्या लहानशा कॉलेजाच्या नावे सुमारे पंधरा लक्ष डॉलर घेण्यात आले आणि ‘चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी’ या संस्थेने चौऱ्याऐंशी केंद्रे उघडली. मुले सहा हजारांच्या आसपास. कचेरी माउंट ब्यूला येथे, ‘नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस’च्या डेल्टा मिनिस्ट्रीने भाड्याने घेतलेल्या आवारात. वर्ग भरावयाचे ते पुष्कळ ठिकाणी कृष्णवर्णी वस्तीच्या चर्चमध्ये.

क्रिस्टल सँडर्स या इतिहासकार बाईंनी ‘अ चान्स फॉर चेंज’ या २०१६ च्याच ग्रंथात या शाळांची हकीकत दिली आहे. शिकविणाऱ्या बाया कोण? कालपर्यंत कापूस वेचणाऱ्या, गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकधुणे करणाऱ्या. त्यांना येथे पूर्वीच्या कित्येक पट वेतन मिळू लागले आणि ते देणारा मळेवाला नव्हता. मताधिकारासाठी नाव नोंदविले म्हणून कामावरून काढून टाकण्याची धमकी आता त्यांना लागू पडेना. पोराला दूध, डॉक्टरची तपासणी आणि अक्षरओळख देण्याची योजना बघता बघता सत्तेचा प्रश्न होऊन बसली. दारिद्र्य म्हणजे केवळ पैशाची उणीव नव्हे, ते कोणाच्या तरी मुठीत असणे होय, हे ज्यांना अनुभवाने ठाऊक होते त्यांना यात नवल वाटले नसेल.

मिसिसिपीचे सिनेटर जॉन स्टेनिस यांना मात्र फार वाटले. सरकारी खर्चाची मंजुरी ज्या समितीच्या हाती असते तिचे ते वजनदार सभासद. हिशेबात घोळ आहे, पैसा चळवळीकडे जातो, असा त्यांनी गिल्ला केला. घाईने उभारलेल्या, अनुभव नसलेल्या संस्थेच्या जमाखर्चात उणिवा होत्याच. परंतु मळेवाल्यांच्या खाती वर्षानुवर्षे जमा होणाऱ्या सरकारी मोबदल्याची इतकी कसून तपासणी या सिनेटरांनी कधी मागितल्याचे दिसत नाही. १९६६ च्या शरदात संचालक सार्जंट श्रायव्हर यांनी संस्थेचे अनुदान थांबविले आणि मवाळ गोऱ्या पुढाऱ्यांचे प्राबल्य असलेली दुसरी संस्था तिच्या जागी पुढे केली. तेव्हा देशभरातील धर्मपुढारी आणि नागरिक उठले. त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन श्रायव्हर यांना नाव घेऊन जाब विचारला. श्रायव्हर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. जाब विचारणारे त्यांच्याच धर्माचे भाईबंद. अनुदान पुन्हा सुरू झाले, पण कमी प्रमाणात आणि जाचक अटींवर.

आता धर्माने येथे काय केले पाहा. त्याने आपले अन्नछत्र उघडून सत्पात्रे निवडली नाहीत. सरकारचा पैसा गरिबाच्या हाती हक्काने जावा म्हणून त्याने आपले नाव, आपली इमारत आणि आपली अब्रू उभी केली. धर्माविषयी आम्हांस काडीचाही आकस नाही. धर्म असा वागेल तर त्याचे स्वागतच आहे. परंतु मिसिसिपीतल्याच गोऱ्या चर्चना हे वागणे अधर्म वाटले आणि कित्येकांनी वरच्या धर्मसंस्थांना जाणारी वर्गणी रोखून धरली. चर्चमध्ये राजकारण आणू नये असे त्यांचे म्हणणे. गोऱ्यांच्या प्रार्थनेला कृष्णवर्णी माणूस आला तर त्याला दारातून परत पाठविणे हे अर्थातच राजकारण नव्हते!

दानशूरांची परीक्षा पुरती झाली ती ४ मे १९६९ रोजी. न्यूयॉर्कचे रिव्हरसाइड चर्च हे रॉकफेलर यांच्या पैशाने उभारलेले, उदारमतवादासाठी नावाजलेले. त्या रविवारी जेम्स फोरमन हे तेथे भर उपासनेत उभे राहिले आणि त्यांनी एक जाहीरनामा वाचावयास घेतला. त्यापूर्वी आठ दिवस डेट्रॉइट येथील परिषदेत तो संमत झाला होता. आणि ती परिषद भरविण्यात चर्चनी व ज्यू संस्थांनीच काढलेल्या एका मंडळाचा पुढाकार होता. मागणी अशी, की गोऱ्या चर्चनी आणि ज्यू धर्ममंदिरांनी गुलामगिरीच्या व तिच्यानंतरच्या पिळवणुकीच्या भरपाईदाखल ५० कोटी डॉलर द्यावेत. हिशेब माणशी १५ डॉलरचा. जाहीरनाम्याची भाषा क्रांतीची होती आणि ती अनेकांस झोंबली हे समजण्यासारखे आहे. परंतु आम्हांस विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट वेगळी. कृष्णवर्णी वस्त्यांना यापेक्षा लहान रकमा याच चर्चनी वर्षानुवर्षे आनंदाने दिल्या होत्या. ‘द्या’ म्हणणाऱ्याला दिले. ‘आमचे देणे चुकवा’ म्हणणारा येताच हात आखडला. प्रत्यक्ष मिळाले ते मागितल्याच्या मानाने नगण्य. एपिस्कोपल चर्चने दोन लक्ष डॉलर दिले, तेही दुसऱ्या संस्थेच्या हातून फिरवून, आणि त्यावरूनही सभासदांत केवढा गदारोळ! दान आणि ऋण यांतला फरक पैशाचा नसतो, हे त्या उपासकांना तत्त्वज्ञानाचे एकही पुस्तक न वाचता समजले.

आमच्या प्रतिपक्षाचे ब्रह्मास्त्र असे, की १९६० नंतरच्या सरकारी साह्याने दारिद्र्य हटले नाहीच, उलट गरिबांची कुटुंबे मोडली. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी या युद्धात दारिद्र्यच जिंकले असा विनोद केला आणि टाळ्या मिळविल्या. सरकारी आकडे असे: दारिद्र्यरेषेखाली १९५९ मध्ये शेकडा २२.४ लोक होते, १९७३ मध्ये ११.१. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण ५५.१ वरून ३१.४ वर आले. यातला काही भाग त्या काळच्या भरभराटीचा आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु वृद्धांकडे पाहा. १९५९ मध्ये शेकडा ३५ वृद्ध दरिद्री होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास ते प्रमाण १५ च्या आसपास आले आणि पुढे आणखी उतरले. शेतमजूर आणि मोलकरणी १९५० व १९५४ च्या दुरुस्त्यांनी पहिल्या दारातून आत आल्या होत्या आणि पेन्शनच्या रकमा वाढल्या होत्या. या वृद्धांचे लग्न झाले होते काय, त्यांच्या घरी कोण येते-जाते, ते रविवारी प्रार्थनेला जातात काय, हे कोणी विचारले नाही. त्यांचा कणा वाकल्याचेही कोणी ऐकले नाही! जेथे विचारपूस फार, तेथेच साह्य तोकडे आणि बदनामीही तेथेच.

बदनामीही कशी शिस्तीने झाली! मार्टिन गिलेन्स या राज्यशास्त्रज्ञाने १९८८ ते १९९२ या काळातील तीन मोठ्या वृत्तसाप्ताहिकांतील गरिबांची चित्रे मोजली. चित्रांतल्या गरिबांपैकी शेकडा ६२ कृष्णवर्णी होते. देशातल्या खऱ्या गरिबांपैकी शेकडा २९. गरीब म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे कोणता चेहरा यावा हे असे ठरले, आणि मग ‘आळशी’, ‘ऐतखाऊ’ ही विशेषणे वर्णाचे नावही न घेता वर्णाला जाऊन चिकटू लागली.

१९९६ च्या ऑगस्टात अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने तो कायदा झाला. निराधार मुलांच्या साह्याचा हक्क गेला. राज्यांना मिळून वर्षाला साडेसोळा अब्ज डॉलरची ठोक रक्कम, ती महागाईबरोबर न वाढणारी. खर्च कसा करावा हे पुष्कळसे त्यांच्या मर्जीवर. आणि कुटुंबाला मध्यवर्ती पैशातून साह्य मिळेल ते सबंध आयुष्यात साठ महिने. धार्मिक संस्थांना आपले धार्मिक स्वरूप राखून सरकारी कंत्राटे घेण्याची मुभाही याच कायद्यात आली. सरकारपासून धर्मादायाला वाचवा म्हणणाऱ्यांनीच धर्मादायाला सरकारी तिजोरीची वाट दाखविली, यातली गंमत वाचकांच्या ध्यानी येईलच. १९९८ च्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, हा पैसा घेण्यास तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिकच चर्च उत्सुक आहेत. त्यांतही गोऱ्यांची उत्सुकता थोडी, कृष्णवर्णी चर्चची दुपटीहून जास्त. ज्या घरी गरिबी आहे त्या घरच्या देवळाला आपल्या दानाची मर्यादा चांगली ठाऊक असते.

आणि राज्यांच्या मर्जीवर सोडलेल्या पैशाचे काय झाले? पुन्हा मिसिसिपीच पाहू. २०२० च्या सरकारी हिशेबतपासणीनंतर उघड झाले की, गरीब कुटुंबांसाठी आलेल्या या रकमेपैकी किमान ७.७ कोटी डॉलर भलतीकडे गेले. बहुतेक पैसा खाजगी परोपकारी संस्थांच्या हातून फिरला, आणि त्यातून एका विद्यापीठाला व्हॉलीबॉलचे क्रीडागृह बांधून मिळाले. त्या वेळी त्या राज्यात तीन माणसांच्या गरीब कुटुंबाला महिना जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत, तेही चौकश्यांच्या सर्व चाळण्यांतून पार पडल्यावर. तेथे सत्पात्रांची निवड व्हावयास हवी होती ती कोणत्या टोकाला, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

याच्या उलट एक लहानसा प्रयोग २०२१ मध्ये झाला. मुलामागे मिळणारी करसवलत त्या वर्षापुरती वाढविण्यात आली आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत ती दरमहा रोख देण्यात आली: सहा वर्षांखालील मुलास ३०० डॉलर, त्याहून मोठ्यास २५०. ज्यांना मुळीच उत्पन्न नव्हते त्या घरांनाही ती पूर्ण मिळाली. आई अविवाहित आहे काय, शेतात काम आहे काय, घर सुयोग्य आहे काय, हे पाहावयास कोणी गेले नाही. त्या वर्षी दुसरीही काही साह्ये चालू होती; तरी सरकारी साह्याचाही हिशेब धरणाऱ्या मोजणीप्रमाणे मुलांतील दारिद्र्य शेकडा ५.२ वर उतरले. आईबाप काम सोडतील, न कमावणाऱ्यांना देणे योग्य नव्हे, असे आक्षेप निघाले आणि मुदत वाढविण्यात आली नाही. २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ झाले.